येसाईचा पांढरा ठिपका

ही गोष्ट फार जुनी, म्हणजे आमच्या पांगरवाडीला रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, तेव्हाची.

वाडीत तेव्हाही चितारीच राहायचे. पांगाऱ्याच्या लाकडाचे करंडे, बाहुल्या, फळं घडवायची, रंगवायची आणि वर लाखेचा पारदर्शक हात द्यायचा. त्यात येसाई चितारणीचा हात कुणाला नव्हता. तिच्या लाकडी आंब्याला पोपट चोच मारून जायचे, असं म्हणतात. खोटं वाटतं? वाटू दे बापडं!

एकदा राजवाड्यावरून निरोप आला. राणीसाहेबांना कुंकवाचा करंडा हवा. ज्या गावाचा पसंत पडेल, पांगाऱ्याचं रान त्या गावाचं. रान गेलं तर लाकूड गेलं, मग चिताऱ्यांनी काय हात चोळत बसायचं?

येसाईनं करंडा रंगवला, त्यावर अबोलीची वेल काढली. लाख पातळ करायला तिनं कडक दारू गाळून ठेवली होती. पण तिचा दीर दाजी एक नंबरचा पिदाड. त्यानं अर्धी ढोसली आणि कळू नये म्हणून तेवढंच पाणी ओतलं. येसाईनं त्यातच लाख पातळ करून शेवटचा हात दिला, आणि बघता बघता करंड्यावर मोतीबिंदूसारखा पांढरा पडदा आला. दुसऱ्या दिवशी करंडा पोचवायचा होता.

शेजारीण म्हणाली, "सगळं खरवडून काढ गं."

"एका दिवसात? तुझं डोकंच खरवडते आधी!" येसाई खेकसली. मग तिनं दारूच्या मडक्यात बोट बुडवून चाखलं आणि दिराकडं पाहिलं. "भाऊजी, पाणी कुणी घातलं?"

"मीच, वहिनी."

"मग बसा चुलीपाशी. पुन्हा गाळा. थेंब जरी तोंडात गेला तर याद राखा!"

दाजीनं रडत रडत तीनदा गाळली. येसाईनं त्यात चिंधीचा बोळा भिजवला, पिळला, मनगटावर टेकवून पाहिला. ओल नको, नुसता गारवा हवा. मग तो कुठंही न थांबवता करंड्यावरून अलगद फिरवला. पडदा विरला, अबोली लखलखली आणि दारातून मधमाश्या आत आल्या, असं म्हणतात.

राजवाड्यावर राणीसाहेबांनी करंडा उलटा केला. तळाशी नखाएवढा पांढरा ठिपका. "हे काय?"

"राणीसाहेब, घोटाळा आमच्याच घरात झाला आणि आम्हीच निस्तरला," येसाई म्हणाली. "सगळा करंडा असा झाला होता. लपवायचं नव्हतं, म्हणून एवढा ठेवला."

राणीसाहेब म्हणाल्या, "बिघडलेलं ज्यांना सुधारता येतं, रान त्यांच्याकडंच राहू दे."

ते रान आजही आमचं आहे. आणि आजही वाडीतल्या प्रत्येक वस्तूच्या तळाशी ओल्या लाखेवर पाण्याचं एक बोट टेकवतात, येसाईचं नाव घेऊन. शहरातलं गिऱ्हाईक कुरकुरतं, "अहो, इथं डाग आहे." आमच्या बायका वस्तू हातातून काढून घेतात आणि ताठ मानेनं सांगतात, "डाग नसलेली हवी असेल तर दुसऱ्या गावात बघा."