पाणी नीट बघा

आधी एक सांगा. तुम्हाला घर बांधायचं आहे आणि तीन कारागीर दारात उभे आहेत. तिघंही आपापल्या कामात तरबेज, तिघंही सचोटीचे. विश्वास कोणावर टाकाल? उत्तराची घाई नको. गोष्ट ऐका, मग सांगा.

नदीकाठच्या एका गावात, किती पिढ्यांमागे कोण जाणे, घरं बांधायला शिकवणारी एक शाळा होती. शाळेला तीन अंगणं. पहिल्यात गवंडीगुरुजी दगड-चुना शिकवीत, दुसऱ्यात सुतारगुरुजी लाकूड, तिसऱ्यात लोहारगुरुजी लोखंड. अंगणांच्या मध्ये पुरुषभर उंचीच्या भिंती होत्या आणि त्या खुद्द गवंडीगुरुजींनी बांधल्या होत्या. ते म्हणत, दहा ठिकाणी खणलं की एकाही विहिरीला पाणी लागत नाही. म्हणून एका अंगणातला विद्यार्थी दुसऱ्या अंगणात डोकावला, तर त्याला दिवसभर चुना मळायला बसवत.

शाळेचा माल मात्र अस्सल, त्यात खोट नाही. तिथली भिंत तडकत नसे, कवाड कुरकुरत नसे, खिळा वाकत नसे. पण शाळेचं धान्य गावच्या कोठारातून येई, आणि इकडे विणकरांना मागांसाठी जागा हवी होती. गावात कुजबुज सुरू झाली, की एवढी तीन अंगणं अडवून ही मंडळी गावाचं करतात तरी काय?

तेव्हा पाटलांनी परीक्षा ठरवली. गावात एक म्हातारी सुईण होती. अर्ध्याहून अधिक गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिच्या खोपटात बाळंतिणींना जागा पुरत नव्हती. पाटील म्हणाले, दिवाळीच्या आत तिला एक बाळंतघर बांधून द्या. घर तिच्या मनास आलं तर शाळा चालू. नाही तर अंगणं विणकरांना.

तिन्ही गुरुजी सुईणीकडे गेले. गेले तेही वेगवेगळ्या दिवशी, कारण एकत्र जायची रीतच नव्हती. घर कसं हवं, असं प्रत्येकानं विचारलं. तिनं तिघांनाही एकच उत्तर दिलं.

"बाबा, पाणी तेवढं नीट बघा. बाकी तुम्हाला कळतं."

आता शब्दांची गंमत बघा. पेठेत एकदा लग्नघरातून निरोप आला, संध्याकाळच्या आत पेटी पाठवा. ज्याला निरोप मिळाला तो फळवाला. त्यानं बिचाऱ्यानं उत्तम आंब्यांची पेटी पोचती केली. रात्री गवईबुवा बैठकीला बसले, तर पुढ्यात आंबे! निरोपही खरा, मालही खरा, फक्त गाणं काही झालं नाही.

इथंही तसंच घडलं. गवंड्याच्या कानाला पाणी म्हणजे भिंतीवर मारायचं पाणी. त्यांनी एकवीस दिवस भिंती भिजवून घेतल्या आणि फरशी अशी बसवली, की सपाटी बघायची पाणसळ ठेवली तर केसाचा फरक निघू नये. सुताराच्या कानाला पाणी म्हणजे पाऊस. बाहेरचा थेंब आत येऊ नये म्हणून त्यांनी गुडघ्याएवढा उंबरा घातला. लोहाराच्या कानाला पाणी म्हणजे तापलेलं पोलाद बुडवून त्याला द्यायचं पाणी. त्यांनी कडी-कोयंड्याला असं पाणी दिलं, की घण घातला तरी वाकू नये.

सुताराच्या एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, की आत सांडलेलं पाणी जाणार कुठून? गुरुजी म्हणाले, ते गवंड्यांचं अंगण, तू रंधा मार. गवंड्याच्या एकानं विचारलं होतं, की भिंतीत मोरी ठेवू का? गुरुजी म्हणाले, मोरीला जाळी लागते, ती लोहाराची. आपली भिंत अखंड हवी.

दिवाळीला पंधरा दिवस असताना सगळं गाव घर बघायला जमलं. सुईणीनं भिंतीवरून हात फिरवला, कवाड उघडून मिटून पाहिलं, कडी वाजवली. छान आहे म्हणाली. मग तिनं एक घागर पाणी मागवलं आणि खोलीच्या मधोमध ओतलं.

पाणी चारी भिंतींपर्यंत पसरलं आणि पाहुण्यासारखं बसून राहिलं.

"इथं बाळ न्हाईल, बाळंतीण न्हाईल," सुईण म्हणाली. "दिवसाला दहा-बारा घागरी. हे पाणी मी काय ओंजळीनं बाहेर काढू? आणि दिवस भरलेली बाई हा उंबरा ओलांडणार कशी?"

सुतारगुरुजी काहीतरी पुटपुटले. तिनं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"तू पायाळू जन्मलास रे, डोक्याआधी पाय बाहेर. उंबऱ्याशी तुझं काही खरं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं."

गाव हसलं. पाटील हसले नाहीत. त्यांनी विचारलं, चूक कोणाची ते सांगा. ज्याची चूक, त्याचं अंगण विणकरांना. बाकीची दोन राहतील.

वयानं थोरले म्हणून पहिला प्रश्न गवंडीगुरुजींना. उत्तर सोपं होतं. उंबरा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि सुतारगुरुजींची मान खाली होती. एक बोट दाखवलं की सुटका. गवंडीगुरुजींनी फरशीकडे पाहिलं. पाणी तसूभर हललं नव्हतं, आणि ती फरशी त्यांनी स्वतःच्या हातानं बसवली होती.

"पाटील," ते म्हणाले, "उंबरा यानं घातला. मोरी मी ठेवली नाही. जाळी करायला लोहाराला कोणी सांगितलंच नाही. पण आम्ही एकमेकांना विचारू नये म्हणून मधल्या भिंती कोणी बांधल्या? मी. अंगण न्यायचं तर माझं न्या. या दोघांना ठेवा, फक्त त्यांच्यामधली भिंत पाडा."

सुतारगुरुजींनी मान वर केली. "गवंडी गेला तर माझं दार कशात बसवू?"

"आणि दारच नसेल तर माझी कडी कशाला लावू?" लोहारगुरुजी म्हणाले. "न्यायची तर तिन्ही न्या."

पाटलांनी सुईणीकडे पाहिलं.

"पाटील, मूल आडवं आलं तर आपण आईला बोल लावत नाही," ती म्हणाली. "हलक्या हातानं फिरवून घेतो. यांनाही फिरवून घेऊ. पंधरा दिवस आहेत अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडीगुरुजींनी पहिली पहार स्वतः घातली. मधल्या भिंती पडल्या आणि त्याच दगडांची बाळंतघराला मोरी झाली. फरशी उकरून मोरीकडे ढाळ दिला. सुतारांनी उंबरा चार बोटांवर आणला. लोहारांनी मोरीला जाळी केली, म्हणजे उंदीर-घूस आत येऊ नये. ढाळ किती, हे ठरवायला तिन्ही गुरुजी गुडघ्यावर बसून वाद घालत आणि विद्यार्थी कडेनं ऐकत. सुईण ओट्यावर सुपारी कातरत बसे. वाद लांबला की नुसती घागर पुढे सरकवी.

दिवाळीच्या आदल्या दिवशी पुन्हा घागर ओतली. पाणी खळखळत मोरीतून गेलं आणि मागच्या केळींना मिळालं. पाटलांनी शाळेचं धान्य चालू ठेवलं. भिंती गेल्यामुळे जागा एवढी निघाली, की एका कडेला विणकरांचे चार मागही बसले. मग विद्यार्थ्यांना हेही कळू लागलं, की मागाला उजेड कुठून लागतो आणि खिडकी कुठं हवी.

पुढे त्या शाळेत नवा विद्यार्थी आला, की त्याला आधी गावात पाठवत. पाच जणांना विचारून ये, पाणी म्हणजे काय? माळी एक सांगे, रंगारी दुसरं, जवाहिऱ्या मोत्याचं पाणी दाखवी. आणि सुईणीकडे गेलेल्याच्या हातात ती उत्तराऐवजी घागर देई.

तर आता द्या उत्तर, विश्वास कोणावर टाकाल? मी म्हणेन, तिघांतल्या त्याच्यावर, जो म्हणतो, "थांबा, हे माझं काम नाही, ज्याचं आहे त्याला विचारून येतो." तात्पर्य म्हणाल तर एवढंच: प्रत्येकाचं काम चोख असूनही घर चुकू शकतं, आणि ज्याला त्या घरात राहायचं आहे त्याला धरून सगळे एकत्र शिकले, तर चुकलेलं घरही सुधारतं.

आणि एक विनंती. दिवाळीला दुकानदार हिशेबाची नवी वही घालतो, तशी आपल्या विद्येचीही एक वही ठेवा. जे येतं ते जमेला लिहा, जे दुसऱ्याकडून कळलं ते त्याच्या नावावर लिहा, जे येत नाही ते लपवू नका. तेवढा हिशेब खरा ठेवा.