झुलींचं गलबत

दोष फत्तेजंगाचा होता. पुढे थोरल्या गलबतांनी उन्हाचं नाव घेतलं, खाऱ्या वाऱ्याचं घेतलं. दोष त्याचाच होता.

त्या समुद्रात वाटा पाण्यावर आखलेल्या असत. वरून एक हात उतरायचा, या बंदरापासून त्या बंदरापर्यंत रेघ ओढायचा आणि निघून जायचा. मग गलबतांनी त्या रेघेवरून जायचं, यायचं, पुन्हा जायचं. प्रत्येकाच्या पोटात चार खण. एका खणात एकच माल, आणि तो संपल्याशिवाय दुसरा आत शिरत नसे. समोरच्या बंदराला हवा तो माल उतरे. नको तो खणातच राही आणि आला तसा परत येई. म्हणून खणाच्या तळाशी एक झडप ठेवलेली होती, नको झालेला माल समुद्रात सोडायला. गलबतं बांधणाऱ्याला एवढी अक्कल होती. गलबतांना नव्हती.

फत्तेजंग हे त्यांतलं सगळ्यांत थोरलं गलबत. नाव भलं दांडगं, पण लढाई त्यानं एकच पाहिली होती, तीही पळता पळता मागे वळून. त्याची रेघ राळेच्या बेटाकडे जाई. त्या बेटावर हत्ती होते. त्यांच्यासाठी जरीच्या झुली न्यायच्या आणि राळ आणायची. राळेनं किनाऱ्यावरच्या नव्या होड्यांच्या फटी बुजायच्या, मग त्या होड्या पाण्यात उतरायच्या. यात न समजण्यासारखं काय होतं?

मग बेटावरचे हत्ती मेले. शेवटचासुद्धा.

तिथल्या बंदराचा धक्का सरळ बोलणारा. तो म्हणाला, "फत्तेजंगराव, झुली आता घालू कुणाला? खेकड्यांना? राळ ढिगानं पडलीय, भरा आणि न्या."

"भरू कुठे? चारी खण भरलेत."

"मग झडप उघडा की!"

फत्तेजंगाच्या शिडात वारा भरला. "पणज्यापासून चालत आलेला माल आहे हा. समुद्रात ओतायला आम्ही काय उपटसुंभ आहोत?"

तो तसाच परत फिरला. घरच्या बंदरात त्याचा मान होताच. तिथे गलबत जितकं खोल बसलेलं दिसे तितकी त्याची इज्जत. पोटात काय आहे हे विचारणं असभ्य समजत. थोरली गलबतं माना डोलवून म्हणाली, "वा! भरून आला हो!" आणि पलीकडे मागांवर नव्या झुली विणणं चालूच होतं.

वाळूवर नव्या होड्या ओळीनं पडून होत्या. त्यांत चिंगळी ही फत्तेजंगाची नात. नाक पुढे काढलेली, पाण्याकडे तोंड करून बसलेली.

"आजोबा, राळ?"

"पुढच्या खेपेला."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात. मेलेल्या हत्तींचे कपडे किती दिवस वाहणार आहात?"

"तोंड सांभाळ, कार्टे! अजून बूड ओलं झालं नाही, आणि मला समुद्र शिकवतेस?"

"ओलं कसं होणार? राळ आणा, मग दाखवते."

बाकीची थोरली गलबतं खो-खो हसली. त्यांतलं एक म्हणालं, "हल्लीच्या होड्यांना धीर म्हणून नाही." हे बोलणारं गलबत स्वतः नांगर टाकून इतकं बसलं होतं, की त्याच्या साखळीला शेवाळाच्या दाढ्या फुटल्या होत्या.

पुढच्या खेपेला राळेच्या धक्क्याशी फत्तेजंग जरा घुटमळला. किनाऱ्यावरून येणारा राळेचा वास त्याला चिंगळीच्या कोऱ्या लाकडासारखा वाटला. एक खण रिकामा केला तरी तिच्यापुरती राळ सहज मावली असती. झडपेची कडी त्यानं जराशी सैल केलीसुद्धा. मग त्याच्या मनात आलं, आज ओतलं तर कालपर्यंत का वाहिलं, असं कुणीतरी विचारील.

त्यानं कडी पुन्हा घट्ट केली.  धक्क्यानं दोर सोडून दिला.

त्या उन्हाळ्यात वाळू तव्यासारखी तापली. होड्यांच्या फटी आधी बोटभर रुंदावल्या, मग फळ्या तडकू लागल्या. चिंगळी शेवटपर्यंत बोलत होती. "आजोबा आले का?" असं शेजारणीला विचारता विचारता तिचा कणा फुटला. आवाज बंदरभर ऐकू गेला. थोरल्यांनी तो वीज समजून आभाळाकडे पाहिलं.

फत्तेजंग आला तेव्हा थोरल्यांची बैठक बसलेली होती. नव्या झुली उघड्यावर कुजत होत्या, त्यांच्यासाठी वखार हवी होती. लाकूड कुठून आणायचं? वाळूवर लाकूडच लाकूड पडलं होतं. "नाहीतरी त्या होड्या कामाच्या नव्हत्याच," सगळ्यांचं एकमत झालं. फत्तेजंगानंही होकार दिला. नाही म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

वखार चांगली झाली. तिचं दार चिंगळीच्या फळ्यांचं होतं.

फत्तेजंगाला नात एकच होती.