धाकटीचं आंबट अंजीर

फार पूर्वीची गोष्ट. कोरड्या माळावरच्या एका गावात एक माळीण राहायची. तिच्या विहिरीच्या काठावर अंजिराचं झाड होतं, आणि त्याची अंजिरं अशी गोड, की एकदा खाल्लेला माणूस काहीतरी निमित्त काढून दुसऱ्यांदा यायचाच. माळणीला दोन मुली. सासरी पाठवताना तिनं दोघींनाही त्याच झाडाची एकेक काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली आणि बजावलं, "पोरींनो, मृग लागला की कोयता लावायचा. माझी आई तसंच करायची, मीही तसंच करते."

कोयता लावायचा म्हणजे फांद्या छाटायच्या. छाटल्यावर नवी फूट येते आणि त्या फुटीवर फळ धरतं. मृगात छाटलेलं झाड दसऱ्याच्या सुमारास पिकायचं.

थोरलीला दिलं होतं शेजारच्याच गावात. तिथं पाऊस आला कधी नि गेला कधी, पत्ता लागत नसे. धाकटी पडली घाटमाथ्यावर. तिथं आषाढात धुकं असं उतरायचं, की समोरच्या ओट्यावरची शेजारीण दिसायची नाही आणि वाळत घातलेलं लुगडं चार दिवस ओलंच राहायचं. पण मृग दोन्हीकडे एकाच दिवशी लागतो. दोघी बहिणी एकाच दिवशी कोयता लावायच्या.

त्यांच्या माहेरी एक रीत होती. दसऱ्याला माहेरवाशिणींनी आपापल्या परसातलं फळ आणून देवीची ओटी भरायची. मग गावातली सगळ्यांत म्हातारी आजी एकेक फळ चाखायची आणि कसं आहे ते मोठ्यानं सांगायची. आजीचे दात गेले होते, पण जीभ शाबूत होती, आणि ती कुणाची भीड ठेवत नसे.

काड्यांची झाडं झाली, झाडांना फळं आली. थोरलीचं अंजीर लहानसं, जांभळट, आत मध भरल्यासारखं. आजीनं डोळेच मिटले. "साखर गं, साखर!"

मग धाकटीचं. चांगलं मोठं, पण हिरवट आणि पावसानं फाकलेलं. आजीनं तोंडात घातलं आणि लगेच बाजूला थुंकलं.

"हे कुठलं अंजीर? हिच्या आईनं हिला उंबर बांधून दिलंय!"

बायका खो खो हसल्या. थोरलीही हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण हसली.

धाकटीला फळाचं काही वाटलं नाही. तिला लागलं ते दुसरंच. आईनं अक्काला खरं दिलं आणि मला भलतंच दिलं, हे एकदा मनात शिरलं ते निघेना. तिनं घरी जाऊन आईला विचारलंच, "आई, खरं सांग. माझी काडी वेगळी होती ना?"

माळीण म्हणाली, "नव्हती म्हणून शपथ घेतली, तर पटेल तुला? तू म्हणशील, आई सारवासारव करतेय. मला नको विचारू बाई, झाडाला विचार."

सासरी आल्यावर सासूनं रिकामी टोपली बघितली. निकाल तिच्या कानावर आलाच होता. ती म्हणाली, "एवढी जागा अडवून बसलंय ते. अजून तीन दसरे बघते. तिसऱ्यालाही आंबटच निघालं, तर तोडायचं."

झाडाला विचारायचं म्हणजे कसं? झाड काही बोलत नाही. धाकटी चार दिवस चुलीपुढे हाच विचार करत होती आणि भाकरी करपत होती. पाचव्या दिवशी ती उठली आणि थोरलीचं गाव गाठलं.

"अक्का, तुझ्या झाडाची एक काडी मला दे. माझ्या झाडाची ही तुझ्या परसात लाव."

थोरलीनं नाक मुरडलं. "माझ्या परसात उंबर?" पण बहीणच ती, लावली.

पहिला दसरा धाकटीनं मान खाली घालून काढला. दुसऱ्या दसऱ्याला थोरली फडक्यात अंजिरं बांधून धावतच देवळात आली. "अगं, ही तुझी! तुझ्या काडीची! माझ्याहून काकणभर जास्तच गोड!" आणि धाकटीच्या टोपलीत थोरलीच्या काडीची फळं होती. मोठी, हिरवट, फाकलेली, आंबूस.

धाकटी तिथंच रडायला लागली, पण आनंदानं. ती तडक घरी गेली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. "आई, चुकले मी."

"बोललं का झाड?"

"बोललं."

आईवरच्या संशयाचं ओझं उतरलं, पण झाड अजून वाचलेलं नव्हतं. एकच दसरा उरला होता. घाट चढताना धाकटी मनाशी हिशेब मांडत होती. काडी एकच, कोयता लावायचा दिवस एकच. मग वेगळं काय? अक्काच्या डोक्यावर ऊन आहे आणि माझ्या डोक्यावर ढग. माझं फळ भरतं तेच मुळी पावसात. पाणी पिऊन फुगतं, फाकतं, त्याला गोडी यायची कुठून? आता आभाळ तर मला बदलता येत नाही. दिवस मात्र येतो!

पण तो दिवस आईच्या आईपासून आईकडे आणि आईकडून तिच्याकडे आलेला. तो मोडायचा म्हणजे आईचा शब्द मोडायचा. तरी पुढच्या मृगाला तिनं कोयता उचललाच नाही. पावसात धरलेली बारकी फळंसुद्धा खुडून टाकली. तिसऱ्या दसऱ्याला ती माहेरी गेली ती रिकाम्या हातांनी, नुसता नारळ घेऊन.

"काय गं, यंदा उंबरही नाही?" आजी म्हणाली.

"माझं अंजीर चैत्रात येईल, आजी."

पुन्हा हशा पिकला. या वेळी थोरली हसली नाही.

घरी सासू कोयता घेऊन परसात उभीच होती. "झाले तीन."

"द्या आत्याबाई, मीच लावते," धाकटी म्हणाली. तिनं पदर खोचला आणि सपासप सगळ्या फांद्या उतरवल्या. चिकानं हात चुरचुरले, पण ती थांबली नाही. झाडाचं नुसतं बोडकं खोड राहिलं. सासूचं समाधान झालं. "पुरे आता. खोड राहू दे तेवढं. गाय बांधायला बरं."

"बरं, आत्याबाई," असं म्हणून धाकटीनं पाठ फिरवली, कारण तिला हसू आवरेना.

गाय खोडाला बांधली गेली. शेणमूत आपोआप मुळाशी पडू लागलं. पाऊस सरला, आभाळ निवळलं आणि दिवाळी होते न होते तोच खोडाला चहूकडून कोंब फुटले.

"अगं, हा खुंट फुटला!" सासू ओरडली.

"फुटू दे की. गाईला सावली होईल."

धाकटी रोज झऱ्यावरून दोन घागरी आणून ओतायची. माघात फांद्या फळांनी लगडल्या. फाल्गुनात लख्ख ऊन पडलं, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि अंजिरं एकेक करून जांभळी व्हायला लागली. पहिलं पिकलेलं अंजीर धाकटीनं सासूच्या हातावर ठेवलं. सासूनं खाल्लं. दुसरं स्वतःच तोडून खाल्लं. मग तिनं गाईचं दावं सोडलं आणि गाय पलीकडच्या जांभळीला नेऊन बांधली. "खाऊन टाकील मेली," ती पुटपुटली.

चैत्रात माहेरी गौरीचं हळदीकुंकू होतं. पन्हं होतं, आंब्याची डाळ होती. अंजीर कुणाच्याच घरी नव्हतं, कारण माळावरची झाडं दसऱ्यालाच रिकामी झाली होती. धाकटी टोपली घेऊन आली, आणि मागून सासू. आजीनं एक अंजीर उचललं आणि जिभेवर घोळवलं. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आणखी एक दे," आजी म्हणाली. ते संपल्यावर म्हणाली, "एवढ्या वर्षांत असं नाही खाल्लं. कुणाचं गं हे?"

धाकटीनं तोंड उघडायच्या आत सासू पुढे झाली. "आमच्या सुनेचं! घाटावरचं!"

टोपलीवर झुंबड उडाली. थोरलीनं चार अंजिरं ओटीत टाकली आणि धाकटीला घट्ट मिठी मारली. माळणीनं एक अंजीर फोडलं, आतला लालसर गर बघितला आणि तिचे डोळे भरून आले. "झाड माझंच आहे," ती म्हणाली, "पण ही गोडी माझ्या लेकीची."

त्यानंतर माळणीकडे कुणी अंजिराची काडी मागायला आलं, की ती मृगाचं नाव काढत नसे. ओलं गोणपाट हातात घेऊन ती आधी विचारायची, "तुमच्याकडे पाऊस कधी सरतो गं?"

तात्पर्य: आपलं फळ दुसऱ्याच्या फळाशी ताडून बघण्याआधी आपलं आभाळ बघावं, एकाच झाडाची काडी प्रत्येक अंगणात गोड होते, फक्त तिची वेळ त्या अंगणातच शोधावी लागते.