थांबण्याची रुंदी

एकदा एका वृद्ध कारागिराच्या कार्यशाळेत बागेचा एक जुना, लहान ट्रॅक्टर आला. तो चालत नाही अशी तक्रार नव्हती. तक्रार अशी होती की तो थांबत नाही.

ट्रॅक्टर टेकडीवरच्या एका आरोग्यधामाचा होता. आजारातून उठलेली माणसे तेथे महिना-दोन महिने राहत आणि सकाळ-संध्याकाळ हिरवळीवर सावकाश चालत. त्या हिरवळीचे गवत केरबा नावाचा माळी या ट्रॅक्टरने कापत असे. केरबाला डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तरुणपणी तो उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. इतर ट्रॅक्टरना डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो. या ट्रॅक्टरला क्लचही नव्हता आणि गिअरही नव्हते. त्याची चाके तेलाच्या दाबावर फिरत. उजव्या पायाखाली एकच पेडल होते. ते पुढे दाबले की ट्रॅक्टर पुढे जाई, मागे दाबले की मागे येई आणि सोडले की थांबे. एक पाय असलेल्या माणसाला जगात चालवता येईल असा हा एकच ट्रॅक्टर आहे, असे केरबा म्हणे. ते खरे असो वा नसो, त्या टेकडीवर तरी ते खरे होते.

आदल्या आठवड्यात तो थांबल्यावरही हळूहळू पुढे सरकू लागला, म्हणून येथेच दुरुस्तीला आला होता. कारागिराच्या शिष्याने तो दुरुस्त करून दिला. शिष्य यंत्रशास्त्राची पदवी घेतलेला, हुशार आणि कामाला स्वच्छ असा तरुण होता. त्याने मागची चाके जॅकवर उचलली, इंजिन सुरू केले आणि पेडलपासून पंपाकडे जाणारी लोखंडी कांडी थोडी थोडी फिरवली. फिरणारे चाक थांबताच त्याने नट आवळला. सारे काम दहा मिनिटांत झाले. "आता हा जागचा हलायचा नाही," असे त्याने केरबाला सांगितले होते.

आठव्या दिवशी केरबाने हिरवळीवर पेडल सोडले आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका आजींशी बोलू लागला. ट्रॅक्टर वीतभर पुढे सरकला आणि त्याने खुर्चीच्या पायटेकीला धक्का दिला. केरबाने लगेच ब्रेक दाबला. आजी हसल्या. आरोग्यधामाच्या व्यवस्थापक बाई मात्र हसल्या नाहीत.

बाई स्वतः केरबाबरोबर कार्यशाळेत आल्या होत्या.

"मला लेखी हवं," त्या म्हणाल्या. "हा ट्रॅक्टर कधीच आपोआप हलणार नाही, असं. ज्यानं दुरुस्त केला त्याच्या सहीनं. नाहीतर उद्या भंगारवाल्याला बोलावते. मी माझ्या रुग्णांना यंत्राच्या मर्जीवर सोडणार नाही."

केरबा खाली बघत म्हणाला, "आन् मला कुठं धाडनार बाईसाहेब? त्याच भंगारवाल्यासंगं?"

 बाई बाकावर बसल्या.

शिष्याचा चेहरा उतरला होता. "मिस्त्रीकाका, चाक थांबलं होतं," तो हळूच म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुस्तकात जसं आहे तसंच केलं होतं."

"मी कुठं म्हणतोय की नव्हतं थांबलं?" वृद्ध म्हणाला. "केरबा, आवारात अर्धा तास फिरव जरा. थंड तेल काहीच खरं सांगत नाही."

अर्ध्या तासाने ट्रॅक्टर परत आला. शिष्याने पुढच्या चाकांना दगड लावले, मागची चाके उचलली आणि खाली लाकडी ठोकळे दिले. इंजिन सुरूच होते. पेडल मोकळे होते आणि मागचे चाक अतिशय मंद गतीने फिरत होते. घड्याळाच्या मिनिटकाट्याकडे टक लावून पाहिल्यावर जसे त्याचे फिरणे दिसते, तसे. शिष्याने नट सैल केला, कांडी किंचित फिरवली. चाक थांबले.

"आता?" वृद्धाने विचारले.

"आता थांबलं."

"झालं तर मग," बाई बाकावरून उठल्या. "द्या लिहून."

तेवढ्यात वृद्धाने एक चमत्कारिक गोष्ट केली. शिष्य जेथे थांबला होता तेथे त्याने कांडीवर खडूची खूण केली, शिष्याच्या हातातला पाना घेतला आणि कांडी उलटी फिरवली. नुकतेच स्थिर झालेले चाक पुन्हा पुढे फिरू लागले.

"काका!" शिष्य ओरडला. "चांगलं जमलेलं होतं!"

"मिस्त्री, माझ्या पोटावर पाय देताय का?" केरबा म्हणाला. "त्येबी पायासारखं एकच हाय माझ्याकडं."

"पोट एकच असतं रे सगळ्यांचं. गप बस," वृद्ध म्हणाला. "इंजिनियर, नटाच्या बाजू मोज. सहा बाजू म्हणजे एक फेरा."

त्याने कांडी पुन्हा सावकाश फिरवली. चाक थांबले. तो फिरवतच राहिला. शिष्य एकेक बाजू मोजत होता: एक, दोन, तीन. चाक स्थिर होते. चार, पाच. इंजिन गरजत होते, ट्रॅक्टरचा सारा देह थरथरत होता, आणि त्याच्या मधोमध ते चाक भिंतीवरच्या चित्रासारखे निश्चल होते. सहा, सात, आठ. नऊ म्हणताच चाकाने अंग हलवले आणि ते उलट्या दिशेने, मागे फिरू लागले.

"किती झाल्या?"

"नऊ."

"आणि तुझी खूण कुठं आहे?"

शिष्याने वाकून पाहिले. पुढे जाण्याची हद्द जेथे संपत होती, तेथून त्याची खूण नटाच्या अर्ध्या बाजूवर होती. नऊ बाजूंच्या त्या निश्चल पट्ट्यात तो अगदी उंबरठ्यावर थांबला होता.

वृद्धाने पाना खाली ठेवला.

"त्या पंपाच्या आत एक तबकडी आहे," तो म्हणाला. "ती एकीकडं कलली की तेल चाकांना पुढं ढकलतं, दुसरीकडं कलली की मागं. सरळ उभी राहिली की कुठंच ढकलत नाही. पंप तसाच फिरत असतो, तेल आत खेळत असतं, सगळी ताकद जागच्या जागी असते. पण जुन्या यंत्राचे सांधे झिजलेले असतात. पेडल पुढून परत येतं तेव्हा एका जागी बसतं, मागून परत येतं तेव्हा केसभर दुसरीकडं. तू कडेवर थांबवलंस. त्या केसभरानं ते कडेपलीकडं गेलं. चाक थांबलं की माणसाचा हात थांबतो, तुझा एकट्याचा नाही. पण जिथं ते पहिल्यांदा थांबतं, ती थांबण्याची वेस झाली. गाव पुढं असतं. ते केवढं आहे हे वेशीवरून कळत नाही. दुसऱ्या वेशीपर्यंत चालत जावं लागतं, म्हणजे चाक बिघडू द्यावं लागतं. मग अर्ध्या वाटेनं परत यायचं."

त्याने पाना शिष्यापुढे धरला. "साडेचार. तू फिरव."

शिष्याने कांडी परत फिरवायला सुरुवात केली. त्याला यंत्रशास्त्रातील अनेक समीकरणे पाठ होती; परंतु चाक न हलण्यालाही रुंदी असते आणि ती नटाच्या बाजूंनी मोजता येते, ही गोष्ट त्याने कधी मनात आणली नव्हती. एक, दोन. काहीच घडत नव्हते. तीन, चार. आणि तरीही प्रत्येक बाजूगणिक आपण कशाच्या तरी अधिकाधिक आत चाललो आहोत, असे त्याला स्पष्ट जाणवत होते. साडेचारवर त्याने हात थांबवला आणि नट आवळला. चाक मघाशी होते तसेच दिसत होते. त्याच्या दिसण्यात तिळमात्र फरक नव्हता. शिष्य मात्र त्याच्याकडे असे पाहत राहिला, जणू ते चाक त्याने पूर्वी कधी पाहिलेच नव्हते.

मग कोणी न सांगता त्याने केरबाला पेडल पुढे दाबून सोडायला लावले. चाक फिरले आणि थांबले. मागे दाबून सोडायला लावले. चाक फिरले आणि थांबले. असे वीस वेळा झाले.

"आता तरी लिहाल ना?" बाईंनी विचारले.

शिष्याने कागद घेतला. बराच वेळ त्याने लेखणी टेकवली नाही. केरबा त्याच्या हाताकडे पाहत होता. अखेर शिष्याने चार ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद बाईंकडे दिला. त्यांनी तो मोठ्याने वाचला:

"आज तेल गरम असताना पुढची व मागची, दोन्ही हद्दी तपासल्या. थांबा मधोमध बसवला आहे. सांधे जुने असल्याने दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावा. माणसे जवळ असताना पेडल सोडल्यावर ब्रेकही लावावा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "मी 'कधीच हलणार नाही' असं लिहायला सांगितलं होतं."

"ते मी गेल्या आठवड्यात सांगून बसलोय, बाई," शिष्य म्हणाला.  "तेव्हा मी एकच हद्द पाहिली होती."

केरबाने डोळे मिटून घेतले.  इंजिन चालू होते. 

बाईंनी कागद पुन्हा एकदा, या वेळी मनात वाचला, त्याची नीट घडी केली आणि तो पर्समध्ये ठेवला.

"तीन महिन्यांनी म्हणजे दिवाळीनंतर," त्या म्हणाल्या. "केरबा, लक्षात ठेव. तुलाच घेऊन यायचा आहे."

 कुबडी सीटमागे खोचून केरबा ट्रॅक्टरवर चढला. फाटकाशी एक बैलगाडी आडवी जात होती. त्याने पेडल सोडले, शिष्याच्या कागदात होते म्हणून ब्रेकही लावला, आणि गाडी जाईपर्यंत ट्रॅक्टर तेथेच उभा राहिला.

मनाला जेथे पहिल्यांदा बरे वाटते तेथेच हात काढून घेण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांना असावी. ती मधली जागा मी स्वतः कधी पाहिली आहे की नाही, हे मला अजून खात्रीने सांगता येत नाही.