भोकावरची पितळी पाटी

एका गावात एक सून होती. लग्नाला चारच महिने झाले होते. ती फार कमी बोलायची, म्हणून तिला काही कळत नाही असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

तिचे वडील लाऊडस्पीकर दुरुस्त करायचे, ते काम ती त्यांच्याकडेच शिकली होती. सासरे सुतार होते. गावात एक म्हातारे पखवाजीबुवाही होते. जत्रेत देवळासमोर तेच वाजवत. पण आता हातातला जोर ओसरला होता, आणि पखवाजाच्या डाव्या पुडीची, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याची, खोल थाप तिसऱ्या रांगेपुढे जात नव्हती. यंदा ती शेवटपर्यंत पोचली नाही, तर पुढच्या वर्षी बँजो पथक, असं पाटलांनी सांगून टाकलं.

मग सुताराकडे स्पीकरची पेटी करायचं ठरलं. फळ्या पाटलांनी दिल्या. सासऱ्यांनी त्या अशा जुळवल्या की आत मुंगी शिरायची नाही. सुनेनं जुना स्पीकर बसवला, त्याच्याखाली वाटीएवढं गोल भोक पाडून घेतलं आणि त्याला आतून नळी जोडली. पेटीला श्वास घेता आला तरच खोल आवाज उठतो, एवढंच ती म्हणाली.

नळी तिनं मुद्दाम लांब ठेवली होती. माईकपुढे बुवा थाप मारत, ती भोकासमोर निरांजन धरी, ज्योत किती हलते ते बघे आणि नळी थोडी कापी. लांब नळीत थाप गोठ्यातल्या म्हशीसारखी रेकली. एकदा जास्त कापली गेली, तर नवी नळी घेऊन पुन्हा पहिल्यापासून. बुवा कंटाळले नाहीत. सूर जमवायला पुडीला कणीक लावताना तेही जन्मभर हेच करत आले होते, चिमूटभर जास्त, चिमूटभर कमी. आठव्या दिवशी एका थापेत ज्योत विझली, नळी जमली. दोघंही हसले.

जत्रेच्या आदल्या दिवशी पाटील आले. हातात पितळी पाटी, तिच्यावर त्यांचं नाव. पेटीवर त्यांना एकच जागा रिकामी दिसली.

तिथे नको, भोक मोकळं हवं, असं सुनेनं सांगितलं. पाटलांनी तिच्याकडे बघितलंही नाही. सासऱ्यांना म्हणाले, "तुमच्याकडे सुना उत्तरं देतात वाटतं?"

सासऱ्यांनी मान खाली घालून पाटीचे चारही स्क्रू स्वतःच्या हातानं आवळले.

जत्रेत बुवांनी थाप मारली. आवाज पोत्यात कोंडल्यासारखा निघाला. मागच्या रांगा हसल्या. पेटी कुणी केली, असं पाटलांनी विचारलं. फळी न फळी स्वतः जुळवलेले सासरे म्हणाले, "सुनेनं."

बुवा पखवाजावर खोळ चढवू लागले.

तेव्हा सून उठली. सासऱ्यांच्या हत्यारांतला पेचकस घेऊन सगळ्यांदेखत पेटीपाशी बसली आणि चारही स्क्रू काढले. पाटी पाटलांच्या हातात देत म्हणाली, "माझं काम आहे ना? मग मला ते करू द्या."

बुवांनी खोळ काढली. या वेळी थाप शेवटच्या रांगेच्याही पलीकडे, पाणवठ्यापर्यंत गेली.

आता लोक कौतुकानं विचारू लागले, पेटी कुणाची? सासरे घाईनं म्हणाले, "आमच्या घरची."

"सूनबाईंची," बुवा म्हणाले, आणि पुन्हा थाप दिली.

पाटी आजही पेटीवर आहे. मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून.

तात्पर्य: आपल्याला जी जागा रिकामी दिसते, ती आपल्या नावासाठी सोडलेली नसते. तिथून कुणाचा तरी श्वास चाललेला असतो. आधी विचारावं, आणि उत्तर मिळालं तर ऐकावं.