मागच्या पंगतीचा सोडा

तापीकाठच्या एका केळीच्या गावात केवळबाई नावाची बाई होती. ती गोटी सोडा बनवायची. मशीन हातानं फिरवायची, बाटल्या स्वतः घासायची आणि वेशीजवळच्या निंबाखाली गाडी लावायची. अंगठा दाबला की गोटी टॉक करून आत जायची आणि सोडा फसफसून वर यायचा. त्यात लिंबू, काळं मीठ, झालं. बागेतला मजूर तोच प्यायचा आणि बागेचा मालकही तोच प्यायचा. केवळबाईला आपल्या सोड्याचा फार ताठा होता. का नसावा? चांगलं काम करणाऱ्यानं मान खाली कशाला घालायची?

त्याच गावात पंडितआप्पा हे केळीचे बडे व्यापारी. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही पुण्याचे. आप्पांना एकच धास्ती, पुण्याची माणसं आपल्याला गावंढळ म्हणतील. तेवढ्यात कोल्ड्रिंकच्या एका कंपनीचा माणूस आला. त्यानं मांडवाला कमान फुकट देऊ केली. कमानीवर बाटली माणसाएवढी आणि नवरानवरीची नावं बोटाएवढी! पण आप्पा खूश. म्हणाले, "टीव्हीतला हिरो हेच पितो."

मग त्यांनी केवळबाईला बोलावलं.

"बाई, हजार बाटल्या सोडा लागेल. मागच्या पंगतीला, आपल्या मजुरांना. पुढच्या पंगतीला कोल्ड्रिंक."

हजार बाटल्या म्हणजे तिची अख्ख्या उन्हाळ्याची कमाई. मशीनचं चाक झिजून गेलं होतं, ते नवं बसलं असतं. तरी तिनं विचारलं, "आप्पा, जेवण तरी एकच आहे ना?"

"एकच. वरण-बट्टी अन् वांग्याची भाजी."

"मग प्यायलाच दोन का?"

"ज्याची जशी पायरी. मजुरांना सोडाच आवडतो."

"तुम्ही विचारलं त्यांना?"

आप्पांचा आवाज चढला. केवळबाईचाही चढला. "सोडा द्यायचा तर सगळ्या मांडवाला द्या. कोल्ड्रिंक द्यायचं तर तेही सगळ्यांना द्या. माझा सोडा कुणाला कमी दाखवायला बनत नाही."

"मग या गावात एकाही लग्नात तुझी बाटली फुटणार नाही. बघून घे."

"नाही तर नाही. निंबाखालची गाडी माझी आहे."

घरी येऊन ती त्या झिजलेल्या चाकाकडे बराच वेळ बघत बसली. वाईट वाटलंच तिला. पण परत गेली नाही.

लग्नाच्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. पुढच्या पंगतीला गार बाटल्या आल्या. मागच्या पंगतीसाठी आप्पांनी दुसरं काही मागवलंच नव्हतं, तिथं पिंपातलं पाणी. मजूर जेवत होते आणि पुढच्या बाटल्यांकडे बघत होते. ती बाटली त्यांना हवीच होती असं नाही. पण आपल्याला दिली नाही, हे त्यांना कळत होतं. माणूस तहानेनं पितो हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं तो शेजाऱ्याच्या हातात काय आहे ते बघून पितो.

इकडे पुण्याचे व्याही तुपात बुडवलेल्या पाच बट्ट्या जेवले. वर ते गोड कोल्ड्रिंक. पोटाचा ढोल झाला. ते आप्पांच्या कानाशी लागले. "अहो, येताना झाडाखाली सोड्याची गाडी दिसली. तेवढा मागवा ना."

आप्पांचा चेहरा पडला. तरी त्यांनी निंबाखाली माणूस पिटाळला. तो म्हणाला, "बाई, एक पेटी दे. पुढच्या पंगतीला."

"पेटी हलणार नाही," केवळबाई म्हणाली. "ज्याला हवा त्यानं इथं यावं. रांग आहे."

व्याही स्वतः आले. जेवून उठलेले मजूर आधीच उभे होते, त्यांच्यामागे ते उभे राहिले. त्यांच्यामागे पुण्याची बाकीची मंडळी. सगळ्यात शेवटी आप्पा, फेटा सावरत. त्यांचा नंबर आला तेव्हा केवळबाईनं तसाच अंगठा दाबला, तसंच लिंबू पिळलं.

"घ्या आप्पा. सगळ्यांना दिला तोच आहे."

आप्पा गटागटा प्यायले. मग त्यांना अशी ढेकर आली की अख्खी रांग हसली. आप्पाही हसले.

दोन वर्षांनी धाकट्या मुलीचं लग्न निघालं. या वेळी आप्पा स्वतः निंबाखाली आले. मांडवाच्या दाराशी त्यांनी दोन टेबलं लावली, एकावर कोल्ड्रिंक, दुसऱ्यावर केवळबाईचा सोडा. ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं. कमानीवर फक्त नवरानवरीची नावं होती आणि केवळबाईच्या मशीनला नवं चाक होतं.

पुण्याचे व्याही सोड्याकडे धावले. आणि केळीचे घड कापणारा म्हातारा झिपरू सरळ कोल्ड्रिंककडे गेला.

"काय रे झिपरू, माझा सोडा कडू झाला का?" केवळबाईनं हाक मारली.

"तुझा रोजच पितो बाई. हे काय आहे ते बघू दे की एकदा!"

त्यानं घोट घेतला, डोळे मिटले आणि दुसरी बाटली उचलली. केवळबाई पोट धरून हसली. "पी बाबा, पी. जीभ तुझी आहे."

तात्पर्य: कुणाला काय आवडावं ते त्याच्या जिभेला ठरवू द्या, पायरी बघून पेला बदलू नका. आणि दुसऱ्याला कमी दाखवायला कुणी आपल्या हातचं मागितलं, तर मागणारा कितीही मोठा असो, तोंडावर नाही म्हणा.