धरणाखालचा मुक्काम

केळशेतच्या धरणाची भिंत तपासून अभियंते रणदिवेसाहेब गावसभेत आले.

"भिंत टिकेल ना, साहेब? खाली आमची घरं आहेत," लोकांनी विचारलं.

"निष्कर्ष गोपनीय आहे. उगाच घबराट नको. सरकारवर विश्वास ठेवा."

म्हाताऱ्या गजराबाई उठल्या. "ठेवला. गुपित तुमच्यापाशीच राहू द्या. पण आमच्यात पाहुण्याला संध्याकाळचं परत धाडत नाहीत. भिंतीच्या पायथ्याशी समाजमंदिर आहे. पिठलं-भाकरी करते, आज तिथंच मुक्काम करा."

साहेबांनी एकदा भिंतीकडे, एकदा जीपकडे पाहिलं. "तिथं नको, मावशी. टेकडीवरच्या शाळेत झोपतो."

गजराबाई गावकऱ्यांकडे वळल्या. "साहेबांनी काहीही सांगितलेलं नाही, बरं का. चला, अंथरुणं उचला. आपणही शाळेतच झोपू."